मागची बॅटरी भरत का नाही?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. गाडीत किंवा मागच्या कॅम्परमध्ये दुसरी बॅटरी बसवली, दिवसभर गाडी चालवली, तरी मुक्कामाला पोहोचल्यावर बॅटरी अर्धीच. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. मुलुंडच्या ताईंचं पत्र पहिलं घेतलंय आणि त्याचं उत्तर लांबलंय. बाकीच्यांनीही ते वाचावं, कारण पुढची उत्तरं त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : आमच्याकडे डिझेल एसयूव्ही आहे आणि तिच्यामागे ओढायचा छोटा कॅम्पर ट्रेलर. ट्रेलरमध्ये १०० अँपिअर-अवरची एजीएम (सीलबंद, शिसाची) बॅटरी, दिवे, पंखा आणि १२ व्होल्टचा फ्रिज आहे. सासूबाईंचं इन्सुलिन त्यात असतं, त्यामुळे फ्रिज बंद पडून चालत नाही. गुहागरला जाताना माणगावच्या कोंडीसकट आठ-नऊ तास इंजिन चालू होतं, तरी रात्री दोनच्या सुमारास फ्रिजने लो व्होल्टेज दाखवलं आणि तो बंद पडला. गॅरेजवाल्याने बॅटरी गेली म्हणून नवी घातली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. आता तो म्हणतो, मोठा अल्टरनेटर बसवा. बसवावा का?
— गृहिणी, मुलुंड

उत्तर : अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, हात लावू देऊ नका. तुमची जुनी बॅटरीही बहुधा चांगलीच असावी. ती अजून घरात असेल तर टाकू नका, आधी तपासून घ्या.

तुम्ही पत्रासोबत ट्रेलरच्या प्लगचा फोटो पाठवलात, ते फार बरं झालं. त्यात दिसणारी तार ४ स्क्वेअर एमएमची आहे. बोनेटखालच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत, वळणं धरून, नऊएक मीटर होतात. वीज जाते तशी परतही यावी लागते, म्हणजे १८ मीटर तार. ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ५ मिलिओहम असतो. १८ मीटरला ९० मिलिओहम. तिच्यातून १५ अँपिअर न्यायचे म्हटले तर १.३५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. पुढे अल्टरनेटर १४.२ देत असला तरी मागे पोहोचतात १२.८५. एजीएम बॅटरी नीट भरायला तिच्या टोकांवर १४.४च्या आसपास हवेत. पूर्ण भरलेली, नुसती पडून असलेली बॅटरीच १२.८ दाखवते. म्हणजे तुमच्या बॅटरीला मिळणारा दाब (व्होल्टेज) तिच्या स्वतःच्या दाबाहून जेमतेम वर आहे.

यात एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे गॅरेजवाल्याची गल्लत कुठे झाली ते कळेल. करंट कमी झाला की तारेतली घटही कमी होते. त्यामुळे बॅटरी मुळीच भरत नाही असं होत नाही. ती दोन-चार अँपिअरने रांगत भरत राहते. त्याच वेळी फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला की चारेक अँपिअर तोच ओढतो. आलेलं सगळं तिथेच संपतं. मीटर लावून पाहणाऱ्याला मागे १३.१ वगैरे दिसतात, 'चार्जिंग येतंय' असं तो सांगतो आणि मग दोष बॅटरीच्या माथी जातो.

कोंडीतले तास तर हिशेबात धरूच नका. इंजिन नुसतं घुरघुरत असताना अल्टरनेटर आपल्या क्षमतेच्या जेमतेम निम्मं देतो, कधी त्याहूनही कमी. त्यातलं एसी, रेडिएटरचा पंखा आणि हेडलाइट खातात. आठ तासांच्या प्रवासात मागच्या बॅटरीच्या उपयोगाचे चार-पाच तासच असतात.

आता करायचं काय? आधी मोजा. आयटीआयमध्ये शिकवत होते तेव्हा नव्या मुलांना मी मल्टीमीटर हातात देऊन चालू गाडीवर प्रत्येक जोडाचा व्होल्टेज वहीत लिहायला लावत असे, पाना-पक्कड नंतर. तुम्हीही तेच करा. रात्रभर फ्रिज चालवून बॅटरी थोडी उतरू द्या. सकाळी ट्रेलर जोडून गाडी सुरू करा, एकाने ॲक्सिलरेटर हलका दाबून धरावा, दुसऱ्याने पुढच्या बॅटरीच्या टोकांवर मीटर लावावा आणि लगेच मागच्या. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वीज वाटेत हरवते आहे. मग मीटरचे दोन्ही प्रोब एकाच जोडाच्या अलीकडे-पलीकडे लावत मागे सरका. फ्यूज-होल्डर, प्लग, थिंबल (तारेच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड), प्रत्येक ठिकाणची घट मीटर वेगळी दाखवेल. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. गरम लागला तर तिथेही वीज वाया जाते आहे.

तुमच्या बाबतीत मोजल्यावर तार बदलावी लागेल हे मला आताच दिसतंय. १६ स्क्वेअर एमएम घ्या, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. तिचा रोध मीटरला १.२ मिलिओहम, म्हणजे त्याच १५ अँपिअरला घट फक्त ०.३२ व्होल्ट. निगेटिव्हसाठी 'चासी आहेच की' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ट्रेलर आणि गाडी यांच्यामध्ये ग्रीस लावलेला हिचचा गोळा असतो, त्याच्यातून भरवशाचा करंट जात नाही. आणि दिव्यांच्या सात पिनांच्या प्लगमधून चार्जिंग नेऊ नका, त्या पिना दिव्यांपुरत्याच असतात. चार्जिंगला ५० अँपिअरचा वेगळा अँडरसन प्लग (मोठ्या करंटसाठी असतो तो) लावा.

तार लोहार चाळीत मिळेल. लवचिक वेल्डिंग केबल चालते, पण घेताना एक तंतू ब्लेडने तासून बघा. आतून पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार आहे. दिसायला तेवढीच जाड, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. कोकणच्या खाऱ्या हवेत तिचे जोडही लवकर खराब होतात. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. थिंबल हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, क्रिंपिंग टूलनेच दाबायला सांगा, वर हीट-श्रिंक नळी आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली.

फ्यूज दोन हवेत. ही गोष्ट मी प्रत्येक पत्राच्या उत्तरात लिहीन, कंटाळा आला तरी वाचा. तारेच्या दोन्ही टोकांना बॅटऱ्या आहेत. म्हणजे तार मध्ये कुठेही घासून चासीला लागली तर दोन्हीकडून शेकडो अँपिअर धावतील. दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात एकेक ५० अँपिअरचा फ्यूज बसवा. ट्रेलरमध्ये माणसं झोपतात.

एवढं झाल्यावर ट्रेलरमध्ये, बॅटरीच्या अगदी जवळ, २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. आलेला दाब तो उचलून एजीएमला हवा तेवढा करून देतो आणि टप्प्याटप्प्याने भरतो. त्याला तापमानाचा सेन्सर असेल तर उत्तम, कारण मुंबईच्या उन्हात बंद ट्रेलरमधली बॅटरी ४० अंशांवर सहज जाते आणि तेव्हा तिला ०.३ व्होल्ट कमी द्यावे लागतात. बरेच जण विचारतात, चार्जर घेतला तर जुनी बारीक तार चालेल ना? नाही. हा चार्जर २० अँपिअर देण्यासाठी पुढून २५च्या आसपास ओढतो. ४ स्क्वेअर एमएमच्या तारेत तेवढ्याने सव्वादोन व्होल्ट पडतात, मिळणारा दाब १२च्या खाली जातो आणि चार्जर बंद-चालू होत राहतो. आधी तार, मग चार्जर.

आता इन्सुलिन. फ्रिज गरमीत सरासरी २ अँपिअर खातो असं धरा, चोवीस तासांचे ४८ अँपिअर-अवर. १०० च्या एजीएममधून निम्म्याहून जास्त काढायचं नसतं. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी तुम्हाला एक दिवस-रात्र देईल, त्याहून जास्त नाही. अर्धी उतरलेली बॅटरी २० अँपिअरच्या चार्जरने पहिल्या दीड-दोन तासांत बरीच वर येते, पण शेवटचा भाग शिसाची बॅटरी सावकाशच घेते. पूर्ण भरायला पाच-सहा तास लागतात. गुहागरला तीन दिवस गाडी हलवणार नसाल तर २३० व्होल्टवर चालणारा चार्जर सोबत ठेवा आणि जिथे उतराल तिथे प्लग मागून घ्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि ते गोठलं तर वाया जातं, म्हणून फ्रिज कमीत कमी तापमानावर लावू नका, कुपी थंड पट्टीला टेकवून ठेवू नका. वापरात असलेलं पेन बाहेर किती दिवस चालतं ते त्याच्या पत्रकात असतं, डॉक्टरांनाही विचारून घ्या. आणि औषधासाठी केवळ एका बॅटरीवर विसंबू नका. जेल पॅकची थंड पिशवी वेगळी असू द्या.

प्रश्न : माझी बीएस-६ व्हॅन आहे. मागे झोपायची सोय करून दुसरी बॅटरी बसवली आणि मध्ये व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा रिले. सुरुवातीला टक् असा आवाज येऊन रिले लागतो, पण एक्स्प्रेसवेवर थोड्या वेळाने सुटतो. पुण्याला पोहोचेपर्यंत बॅटरी तशीच. रिले दोनदा बदलला.
— फोटोग्राफर, कल्याण

उत्तर : रिले बरोबर काम करतोय, तुमच्या गाडीचा अल्टरनेटर वेगळ्या जातीचा आहे. हे रिले साधारण १३.३ व्होल्टच्या वर दोन बॅटऱ्या जोडतात आणि १२.८ च्या खाली तोडतात. जुन्या गाड्यांत इंजिन चालू म्हणजे १४ व्होल्ट, त्यामुळे हा हिशेब जमायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि इंधन वाचवण्यासाठी बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या ताब्यात गेला. पुढची बॅटरी पुरेशी भरली की कॉम्प्युटर दाब साडेबारा-पावणेतेरापर्यंत खाली आणतो. ब्रेक लावला किंवा ॲक्सिलरेटर सोडला की तोच दाब १५ च्या जवळ नेतो, म्हणजे फुकटची ऊर्जा बॅटरीत जावी. पनवेलच्या पुढे सपाट रस्त्यावर तुमचा रिले सुटत असणार आणि परतीच्या वाटेवर खंडाळ्याच्या उतारावर पुन्हा लागत असणार. मीटर डॅशबोर्डवर ठेवून एकदा बघा.

रिले काढून डीसी-टू-डीसी चार्जर लावा, पण इग्निशनच्या तारेवर चालू होणारा. नुसता व्होल्टेज पाहून जागा होणारा चार्जर घेतलात तर रिलेचंच दुखणं परत येईल. दुसरी गोष्ट, तुमच्या पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा डबा बसवलेला दिसेल. तो सेन्सर आहे, बॅटरीत किती आत-बाहेर गेलं ते कॉम्प्युटरला सांगतो. तुमची निगेटिव्ह तार थेट बॅटरीच्या टोकाला लावली असेल तर काढा आणि सेन्सरच्या पलीकडे, चासीच्या अर्थ पॉइंटवर लावा. नाहीतर कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो आणि पुढची बॅटरी अकाली जाते. गाडी वॉरंटीत असेल तर काम करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. मूळ वायरिंग कापू देऊ नका.

चार्जर किती मोठा घ्यायचा हेही विचारलंत. अल्टरनेटरवर लिहिलेल्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मी दुसऱ्या बॅटरीला ओढू देत नाही.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पडून आहे. कॅम्परमध्ये वापरली तर?
— बँक कर्मचारी, दादर

उत्तर : वापरू नका. ती ५०-६० किलोची आहे, तिच्यात पातळ ॲसिड आहे आणि ती एका जागी उभी राहण्यासाठी केलेली आहे. कशेडीच्या वळणांवर ॲसिड हिंदकळून झाकणांतून बाहेर येईल. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो, आणि तुमच्या नकाशात बॅटरीची जागा पलंगाखाली आहे. घरीच राहू दे, डिस्टिल्ड वॉटर घालत जा, भरपूर वर्षं चालेल.

प्रश्न : छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनल टाकलं तर गाडीतून चार्जिंग करायची गरज उरेल का?
— निवृत्त मुख्याध्यापक, वसई

उत्तर : उरेल, पण पॅनल जरूर टाका. छपरावर आडवं ठेवलेलं १०० वॅटचं पॅनल कोकणात स्वच्छ उन्हाच्या दिवशी बॅटरीत २५ अँपिअर-अवरच्या आसपास टाकतं. दिवे, मोबाइल, पंखा यांचं भागतं. फ्रिजची अर्धी भूक भागते. पावसाळ्यात काही धरू नका.

अडचण सावलीची आहे. किनाऱ्यावर गाडी लावायची जागा बहुतेक सुरूच्या बनात असते आणि आपल्यालाही सावलीच हवी असते. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन त्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घटतं. म्हणून मी घडीचं पॅनल आणि दहा मीटर तार सुचवेन. गाडी सावलीत, पॅनल उन्हात. कंट्रोलर एमपीपीटी घ्या. १२ व्होल्टचं म्हणून विकलेलं पॅनल प्रत्यक्षात १८ व्होल्टच्या आसपास काम करतं. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर वरचे व्होल्ट सोडून देतो, एमपीपीटी त्यांचा करंट करून देतो. कंट्रोलर बॅटरीजवळ बसवा, पॅनलपाशी नको. गाडी चालू असताना सोलर आणि डीसी-टू-डीसी दोन्ही एकाच बॅटरीला भरत राहिले तरी बिघडत नाही.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये स्पितीला जायचंय. वजन कमी व्हावं म्हणून एजीएम काढून लिथियम बसवली, बाकी वायरिंग आणि जुना रिले तसाच ठेवलाय. ठीक आहे ना?
— आयटी अभियंता, ठाणे

उत्तर : नाही, निघण्याआधी बदला. आपल्याकडे कॅम्परसाठी मिळणारी लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. भरल्यावर ती १३.३ च्या आसपास स्थिर राहते. तुमचा रिले १२.८ ला सुटणारा. म्हणजे इंजिन बंद केलं तरी तो सुटणारच नाही, लिथियम पुढच्या बॅटरीला भरत बसेल आणि सकाळी सेल्फ मारताना स्टार्टरचा करंट त्या तारेतून मागून ओढला जाईल. शिवाय लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की ती अल्टरनेटर देईल तेवढं ओढते. घाटात, कमी वेगात, जास्त लोडवर अल्टरनेटर तापून जळतो. दोन्हीवर औषध एकच, करंटला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर, लिथियमच्या सेटिंगवर.

थंडीचं वेगळं. स्पितीतल्या काझाला ऑक्टोबरच्या रात्री पारा शून्याखाली जातो. शून्याखाली लिथियम बॅटरीतून वीज काढता येते, भरता येत नाही. भरली तर लिथियम धातू आत ग्राफाइटवर साचतो आणि ते नुकसान परत भरून येत नाही. तुमच्या बॅटरीच्या बीएमएसमध्ये (आतल्या संरक्षक सर्किटमध्ये) कमी तापमानाचा कट-ऑफ आहे का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. स्वस्त बॅटऱ्यांत तो बऱ्याचदा नसतो. बॅटरी बाहेरच्या पेटीत असेल तर केबिनमध्ये आणा, आणि सकाळी हीटर लावून अर्धा-पाऊण तास गेल्याशिवाय चार्जर चालू करू नका.

प्रश्न : पावसाळाभर कॅम्पर इमारतीखाली उभा असतो. पार्किंगला प्लग नाही. गणपतीला गावी निघताना बॅटरी मेलेली असते.
— दुकानदार, परळ

उत्तर : काहीतरी गुपचूप खात असणार. म्युझिक सिस्टिमची मेमरी, गॅस अलार्म, यूएसबी सॉकेटचा निळा दिवा. ५० मिलिअँपिअरची गळती दिसायला किरकोळ, पण महिन्याला ३६ अँपिअर-अवर जातात. १०० ची बॅटरी तीन महिन्यांत संपूर्ण रिकामी. शिसाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं, मग कितीही भरा.

जूनच्या आधी ती पूर्ण भरा आणि निगेटिव्ह काढून ठेवा, किंवा आयसोलेटर स्विच बसवून बंद करा. बंद केलेली चांगली एजीएम तीन महिने सहज काढते. महिन्यातून एकदा मीटर लावा, १२.४ दिसले की भरायची वेळ झाली. लिथियम असेल तर उलट, निम्म्याच्या थोडी वर ठेवून बंद करा. ती ११-१२ किलोची असते, घरी वर नेऊन ठेवता येते. एजीएम ३० किलोची, ती नेण्यासाठी कुणाला तरी सोबत घ्या.

पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन सोडून भर पावसात चार्जर लावायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा. सोसायटीकडे अर्ज करून मीटरखोलीजवळ एक पॉइंट मागा, त्याला नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असला पाहिजे. अर्जात महिन्याला लागणारी वीजही लिहा. १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी तळापासून पूर्ण भरली तरी दीड युनिटच्या आसपास जातं. त्याचे पैसे वेगळे देतो असं लिहिलंत तर कमिटीला नाही म्हणायला कारण उरणार नाही.